डिश चकणी असते

परवा इंटरनेटची तार ओढायला आलेल्या माणसाने गच्चीवरून खाली वाकून विचारलं, "सर, ही जुनी डिश काढून टाकू का? उगीच जागा अडवतेय." मी जिन्यातूनच त्याच्यावर असा खेकसलो की त्याने हातातलं ड्रिल मशीन खाली ठेवलं. "तार ओढायला आलाय ना? मग तार ओढा! डिशला हात लावायचा नाही!" स्वयंपाकघरातून सुनंदाचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "मगदूम अण्णा शिरले वाटतं अंगात."

अण्णा माझ्या अंगात शिरायचे होते ते त्या रविवारी, गणपतीच्या देवळाच्या ओट्यावर, सगळी कॉलनी जमलेली असताना. तेव्हा मी शेपूट घालून बसलो. आता एका तार ओढणाऱ्या गरीब माणसावर ओरडून काय उपयोग? पण राग येतो. डिश दिसली की येतो, माझी पांढरी गाडी दिसली की येतो आणि समोरच्या कोपऱ्यावरचा जांभळाचा बुंधा दिसला की तर फारच येतो.

अण्णा मगदूम हे आमच्या भागातले डिशवाले. सांगलीपासून जवळच, कृष्णाकाठच्या एका गावचे जैन. घरची थोडी उसाची जमीन भाऊ बघायचा, आणि अण्णा मोपेडवरून आमच्या कॉलन्या पालथ्या घालायचे. बुटका, वाळका माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत तेरा नंबरचा पाना, काळी चिकटपट्टी, सिग्नल सापडला की किरकिरणारं एक पिटुकलं मीटर आणि होकायंत्र. शिवाय दोन वस्तू अशा, की त्या दुसऱ्या कुठल्याही डिशवाल्याकडे मी पाहिल्या नाहीत. एक म्हणजे शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या मध्यावर दोरा आणि दोऱ्याला लटकवलेला नट. दुसरी म्हणजे भिंती रंगवायचा मऊ ब्रश.

ब्रश मुंग्यांसाठी होता. टीव्हीखालचा डबा उबदार राहतो, त्यामुळे पावसाळ्यात त्यात मुंग्या घर करतात. दुसरे लोक डबा उघडून फुंकर मारतात, नाहीतर औषध फवारतात. अण्णा डबा मांडीवर घेऊन बसत, एकेक मुंगी ब्रशवर घेत आणि उठून खिडकीबाहेर झटकत. अर्धा तास, पाऊण तास. त्या वेळात घरमालकाने "आवरा की लवकर" म्हटलं की मग संपलंच.

"तुझ्या घरातनं कुणी तुला झाडून भाईर काढला, तर म्हणशील का आवरा लवकर?"

माणसांवर मात्र अण्णा असे तुटून पडायचे की नवख्याला वाटावं, आता हातातला पाना फेकून मारणार. कनेक्टरवर टेप न गुंडाळणाऱ्याला शिव्या, गच्चीवर डिशच्या दांड्याला कपड्यांची दोरी बांधणारीला बोलणी, पावसात टीव्ही गेला म्हणून तासाभरात चार फोन करणाऱ्याला तर विचारूच नका. आभाळ काळं झालं की सिग्नल अडतो, तो पाऊस उघडला की येतो, एवढं सरळ माणसाला कळू नये ह्याचा त्यांना मनापासून संताप यायचा. एकदा मी धीर करून म्हटलं, "अण्णा, किडामुंगीला एवढं जपता, आणि माणसांना असं तोडून बोलता?"

"किड्याला कळत न्हाई म्हणून जपायचं. तुला कळतंय का न्हाई? मग?"



आमची पहिली भेटही अशीच. मी मूळचा खंडाळ्याकडचा, सांगलीच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला आलो आणि इथलाच झालो. रंगाऱ्यांनी घर रंगवताना डिश हलवली म्हणून कुणीतरी अण्णांचा नंबर दिला. ते आले, गच्चीवर गेले, मला वर बोलावलं आणि विचारलं, "आग्नेय कुठं?"

मी बेधडक जिन्याच्या डाव्या अंगाला हात केला. का? तर त्याखाली आमचं स्वयंपाकघर होतं. चूल आग्नेयेला असते हे लहानपणापासून इतकं ऐकलेलं, की उलटं धरून जिथे चूल तिथे आग्नेय, असं डोक्यात बसलेलं. आमचा बिल्डर असल्या गोष्टी न मानणारा. त्याने स्वयंपाकघर सरळ पश्चिमेला काढलं होतं. अण्णांनी होकायंत्र माझ्या नाकापुढे धरलं.

"काय शिकवतोस शाळंत?"

"भूगोल."

अण्णा दोन क्षण माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं ते डिश बसेपर्यंत मिटलं नाही. "पोरं कुठं जाऊन पोचत असतील रं तुझी? गोव्याला निघाली तर गुजरातेत!" खाली सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती. तेव्हापासून कॉलनीत त्यांचं नाव पडलं आग्नेय अण्णा. दिशेवरूनही पडलं आणि तोंडावरूनही.

त्याच दिवशी त्यांनी मला डिशचा धडा दिला. मी म्हणालो होतो, "डिश तर समोरच्या त्या जांभळाकडेच बघतेय." अण्णा म्हणाले, "तितंच चुकतंय गड्या. डिश चकणी असती. चकणं माणूस तुझ्याकडं बघतंय असं वाटतं, आणि बघत असतंय भलतीकडं. ही जांभळाकडं बघती असं तुला दिसतंय, पर ही बघती त्याच्या डोस्क्यावरनं, पार वर." त्यांनी कोनमापक डोळ्याशी धरला, दोऱ्याचा नट स्थिर होऊ दिला आणि दाखवलं. ताटलीचा आकारच असा, की तोंड खाली झुकल्यासारखं दिसावं. खरी नजर साठ अंशांवर. ताटलीपुढे आलेल्या दांड्यावरच्या बोंडात आभाळातून आलेलं सगळं गोळा होतं, आणि ते बोंड म्हणजेच डिशचं डोळा-कान सगळं. भूगोलाच्या मास्तराने हे सगळं मान डोलावत ऐकलं. कळलंही. म्हणजे पुढे मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

अण्णा लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे करायचे. शाळेच्या मुख्याध्यापकांना, डॉक्टरांना, एकदा आमच्यासमोर एका फौजदारालाही. कुणाला राग आला तर येऊ दे. मात्र एखाद्याला ते "साहेब" आणि "तुमी" म्हणाले, तर तो माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरला असं समजायचं. हे मला कळलं ते पवारांच्या गच्चीवर.

पवार म्हणजे आमच्या ओळीतले कंत्राटदार आणि कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांचा टीव्ही अडकत अडकत चालत होता. अण्णा वर गेले, मीही सहज गेलो. दांड्यावरच्या त्या बोंडाचं प्लॅस्टिकचं टोपण उन्हाने तडकून पडलं होतं, आणि आत कुंभारीण माशीने ओल्या मातीची दोन बोळकी बांधली होती. सगळा सिग्नल त्या मातीत अडकत होता. अण्णा वळून पवारांना म्हणाले, "आत पिल्लं हाईत. एकवीस दिस टीव्ही बंद ठिव. उडून गेली की मी साफ करून नवं टोपण घालतो."

पवार हसायला लागले. "अहो अण्णा, ती माशीच जिवंत अळ्या आणून आत कोंबते म्हणतात. तिला नाही दयामाया, आणि तुम्ही कुठे..."

"ती तिचं बघंल. मी माझं बघतो."

पवारांनी अण्णांच्या हातापाशी पडलेला स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि बोलता बोलता बोंडात खुपसून फिरवला. ओली माती, पिवळट काहीतरी असं फरशीवर पडलं. "झालं! कशाला पाहिजेत एकवीस दिवस?"

मला वाटलं, आता अण्णांचा भडका उडणार. तो उडाला नाही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, पुसला, पिशवीत ठेवला, नवं टोपण बसवलं. मग जिन्यापाशी थांबून अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "झालं तुमचं काम. येतो, साहेब." त्यानंतर त्यांनी पवारांच्या घराची पायरी चढली नाही. पवार मोठ्या मानाने सगळ्यांना सांगत होते, आग्नेय अण्णा मला एकट्याला साहेब म्हणतात.

आता जांभळाचं. आमच्या ओळीसमोर कोपऱ्यावर कॉलनीची मोकळी जागा होती, आणि तिच्यात ते जांभूळ. कुणी लावलं कुणाला ठाऊक नाही. त्याच्या सावलीत मालनचा इस्त्रीचा गाडा असायचा. मालन म्हणजे पन्नाशीची, परटाच्या घरातली, नवरा गेलेली बाई. कोळशाची इस्त्री, पुढ्यात निखारे, डोक्यावर एप्रिलचं ऊन. ती सावली होती म्हणून ती बाई दिवसभर उभी राहू शकत होती. अण्णा कॉलनीत आले की आधी तिच्या गाड्यापाशी मोपेड लावत आणि तिलाही काहीतरी बोलून घेत. "निखारं झाकत जा की, वाऱ्यानं उडून कुनाच्या अंगावर जातील." मालन म्हणायची, "आवं अण्णा, तुमी आला की निखारं आपसूक पेटत्यात." एवढ्यावर अण्णासुद्धा हसायचे.

जूनमध्ये जांभळं पडायची आणि खाली लावलेल्या गाड्या जांभळ्या व्हायच्या. त्या वर्षी मी गाडी घेतली होती. पांढरी. माझ्या आयुष्यातली पहिली.

त्याच पावसाळ्यात आमचा टीव्ही गेला. अण्णा आले, शिडी लावून दांड्यापर्यंत चढले. मी खाली शिडी धरून उभा. बराच वेळ ते बोंडात डोकावत राहिले. मग खाली उतरले आणि माझ्याकडे न बघता पाना पिशवीत टाकत म्हणाले, "जांभूळ आडवं येतंय."

"जांभूळ? पण तुम्हीच म्हणाला होतात..."

"वारं लय सुटलंय. फांद्या हलत्यात. तीन आठवडं कळ काढ, वारं पडलं की मी येतो. आणि वर चढू नगंस, शेवाळ हाय."

तीन आठवडे! एकवीस दिवस! माझ्या डोक्यात तेव्हाच दिवा लागायला हवा होता. शाळेत मुलाने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी उभा केला असता. पण अण्णा खोटं बोलतील हे माझ्या मनातच आलं नाही, आणि दुसरं म्हणजे, आता स्पष्टच सांगतो, मला ते उत्तर आवडलं. माझी गाडी त्याच जांभळाखाली उभी राहायची.

मी त्या दिवशी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "आपल्या ओळीतील टीव्हीचा सिग्नल समोरील जांभळाच्या झाडामुळे अडत असल्याचे जाणकारांचे मत आहे." जाणकार! एवढी शुद्ध भाषा लिहायची मला कुणी गळ घातली होती? दहा मिनिटांत पवारांचा अंगठा आला. मग ओळीतल्या सहा घरांचे अंगठे आले. सगळ्यांचे टीव्ही पावसात जात होते आणि सगळ्यांना कारण हवं होतं. पवारांना त्या मोकळ्या जागेत फरशी घालून गाड्या लावायच्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पण जांभूळ तोडायला नुसत्या गाड्यांचं निमित्त पुरलं नसतं. ते निमित्त मी दिलं. झाड छाटायच्या परवानगीसाठी अर्ज लिहिला गेला, मजकूर माझाच उचलला होता आणि सही पहिली माझीच घेतली. "सर, तुमच्या नावाला वजन आहे," पवार म्हणाले, आणि मी ते वजन खाली ठेवलं.

तीन आठवड्यांनी अण्णा आले. गाड्यापाशी मालनने त्यांना थांबवलं. झाडावर नोटीस लावलेली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण झाडाला कागद चिकटवला की काय होतं हे तिला कळत होतं. "अण्णा, तुमीच सांगितलं म्हनत्यात, झाडामुळं टीव्ही दिसंना म्हणून. खरं व्हय?"

मग अण्णा आमच्याकडे आले, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. फाटकापासून सुरुवात. "मास्तर! भाईर ये! ये भाईर आधी!" शेजारीपाजारी खिडक्यांत आले. मी बाहेर आलो. अण्णांचं तोंड लाल झालं होतं.

"कुणी सांगितलं तुला गावभर दवंडी पिटाय?"

"अण्णा, तुम्हीच तर म्हणालात..."

"मी खोटं बोललो! खोटं! कुंभारणीनं घर केलं हुतं तुझ्या डिशीत. खरं सांगितलं असतं तर तू बी पवारासारखी काडी घातली असतीस. घातली असतीस का न्हाई? खरं बोल!"

घातली असती, हे मलाही माहीत होतं.

"एवढं-एवढं चार जीव वाचवाया तोंडातनं एक शब्द खोटा गेला. साठीला आलो, धंद्यात कवा खोटं बोललो न्हाई. आणि तो शब्द धरून तुमी झाड पाडाय निघालाय. त्या बाईच्या डोस्क्यावरची सावली काढाय निघालाय. माझ्या शब्दावर!"

ते मला दंडाला धरून गच्चीवर घेऊन गेले. बोंडातून माश्या उडून गेल्या होत्या, रिकामी बोळकी तेवढी राहिली होती. त्यांनी शिडीवर चढून ती ब्रशने हळूच सोडवली आणि कट्ट्यावर ठेवली. नवं टोपण घातलं. खाली सुनंदा ओरडली, "आलं! चित्र आलं!" समोर जांभूळ वाऱ्याने हेलकावे खात होतं. अण्णांनी कोनमापक माझ्या हातात दिला. "मोज. तू मोज, मी न्हाई." मी झाडाचा शेंडा मोजला. चाळीस. "आणि डिश किती वर बघती?" साठ. "ह्ये सहाच्या सहा घरांना एकच झाड आडवं कसं येईल, ह्याचा तरी इचार करायचास! भूगोल शिकवतोस व्हय?"

त्या शिव्या खाताना, खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. आपली चूक झाली, अण्णा ओरडले, आता ते निस्तरतील, असं काहीसं. जाताना ते म्हणाले, "रविवारी झाडापायी तुमची सभा हाय म्हनं. मी येतो. मी माझं खोटं सांगतो. तू तुझं मोजलेलं सांग. झालं." कोनमापक माझ्याच हातात राहिला होता.

रविवारी सकाळी गणपतीच्या ओट्यावर सगळी जमली. अण्णा मधोमध उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आवाज न चढवता बोलताना ऐकलं. त्यांनी कुंभारणीपासून सगळं सांगितलं. मी खोटं बोललो, हे शब्द दोनदा म्हणाले. मालन लांब फाटकाशी उभी होती, हातात कुणाच्या तरी इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा तसाच.

पवार सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे तुम्ही खोटं बोलता हे तुम्हीच सांगताय. मग आत्ता खरं बोलताय कशावरून?"

दोघेतिघे हसले. अण्णा वळले आणि त्यांनी मला शोधलं. मी खांबाच्या आड बसलो होतो. "ह्यो मास्तर सांगंल. कोनमापक ह्याच्या हातात हुता. सांग रं मास्तर."

सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या. माझी सही पहिली होती. मी मुलांना शिकवणारा माणूस, एवढ्या लोकांत उठून म्हणायचं की मी न तपासता लिहिलं? शिवाय तिथून, माणसांच्या डोक्यांवरून, मला माझी गाडी दिसत होती. टपावर जांभळे डाग होते. पॉलिशने न निघणारे.

मी म्हणालो, "मी आपला साधा भूगोलाचा शिक्षक. ह्यातलं तांत्रिक मला काय सांगता येणार?"

बस्स. एवढंच. दोन वाक्यं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, पहिल्या दिवशी गच्चीवर बघत होते तसेच. मला वाटलं, आता फुटेल आवाज. फुटू दे. सगळ्यांसमोर माझी काय ती शोभा होऊ दे. पण त्यांनी पिशवी खांद्यावर सारखी केली, ओट्याखाली काढलेल्या चपला घातल्या आणि मालनजवळून पुढे निघून गेले.

परवानगी फांद्या छाटायची मिळाली होती. पवारांनी माणसं लावून बुंध्यापासून छाटलं. दोन दिवस करवत चालली, आणि मी ते दोन दिवस मुलांना नकाशावाचन शिकवत होतो. मालनने आठवडाभर गाड्यावर गोणपाट बांधून बघितलं. मग एक दिवस गाडा दिसला नाही. मिरजेकडे भावाकडे गेली असं कुणी म्हणालं. माझे शर्ट आता सुनंदा घरी इस्त्री करते आणि दर वेळी मला ऐकवते, ते मी ऐकून घेतो.

आणि टीव्ही? पुढच्या पहिल्या मोठ्या पावसात सहाच्या सहा घरांचे टीव्ही गेले! कसे जाणार नाहीत? टोपणं तडकलेली, कनेक्टरात पाणी, आणि वर काळंकुट्ट आभाळ. ग्रुपवर एकाने लिहिलं, "झाड तोडूनही फरक नाही." ह्या वेळी एकाचाही अंगठा आला नाही. मग वर्षभरात एकेकाने इंटरनेट घेतलं, टीव्ही त्यावर चालू झाले, आणि ज्या डिशींसाठी झाड पाडलं त्या गच्च्यांवर गंजत पडल्या. पवारांच्या डिशमध्ये आता कुंड्यांचं जादा पाणी साठतं. हे लिहितानासुद्धा माझ्या हाताची मूठ वळते. कुणाला मारणार?

मी डिश ठेवली. सुनंदा म्हणाली इंटरनेट घेऊ, मी परवापरवापर्यंत नाही म्हणत आलो. कारण विचारलं तर काहीबाही सांगितलं. खरं कारण असं, की डिश बिघडली असती तर अण्णांना बोलावता आलं असतं.

गेल्या पावसाळ्यात ती बिघडली. मी फोन केला. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण दुपारी जेवणाआधी मोपेड वाजली. अण्णा आणखीच वाळले होते. पिशवी तीच होती. मी फाटकात उभा, ओरडा खायला अगदी तयार. त्यांनी शिडी मागितली, चढले, बोंडात डोकावले, उतरले.

"कुंभारीण हाय. नवं टोपण वाऱ्यानं गेलंय, दोन घरं केल्यात तिनं. काडी घालून काढलं तर आत्ता चालू हुईल. न्हाईतर एकवीस दिस. काय करायचं ते सांगा."

"राहू द्या, अण्णा. एकवीस दिवस बंद ठेवतो."

"बरं."

तेवढंच. नुसतं बरं. ते केबलच्या जोडावर नवी टेप गुंडाळायला लागले, आणि केबलला खाली एक वळण दिलं, पाणी तिथूनच गळून जावं म्हणून. हे ते प्रत्येक घरी करत आणि करताना शिव्या देत की आधीच्याने हे का केलं नाही. आज त्यांचे हात बोलत होते, तोंड मिटलेलं. मला ते सहन होईना.

"अण्णा, एकदा ओरडा तरी माझ्यावर."

त्यांनी दाताने टेप तोडली आणि कड दाबून बसवली. "कशाला? झालं की काम. एकवीस दिसांनी फोन करा, टोपण घालून जातो."

मी आत धावत गेलो आणि कपाटातून कोनमापक आणला. त्या दिवसापासून तो तिथेच होता, दोरा आणि नट गुंडाळून ठेवलेला. मी तो त्यांच्यापुढे धरला. "हा तुमचा माझ्याकडे राहिला होता."

अण्णांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. पिशवी खांद्याला लावली, मोपेडचा स्टँड काढला आणि तिला ढकलत फाटकाबाहेर नेलं. समोर कोपऱ्यावर फरशी घातलेली होती, तिच्यात मधोमध बुंधा, आणि बुंध्याशेजारी माझी स्वच्छ पांढरी गाडी. तिकडे त्यांनी मान वळवली नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," ते म्हणाले. "शाळंत लागंल तुमाला. येतो, साहेब."